लॅपटॉपच्या माइकमधली खरखर: कूलर आणि चार्जरपासून ऑडॅसिटीपर्यंत, कोणत्या क्रमानं काय करायचं

लातूर-नांदेडकडचे क्लासवाले असोत, जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी असोत, सोयाबीनवर व्हिडिओ टाकणारी पोरं असोत की हरिपाठ रेकॉर्ड करणारं भजनी मंडळ, तक्रार ठरलेली असते: "आवाज येतो हो, पण मागं सारखं सूं सूं चालूच." आणि उपायही बहुतेकांनी एकच केलेला असतो. रेकॉर्डिंग संपलं की ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड आणि साफ करायचं सॉफ्टवेअर उघडायचं आणि नॉइज रिडक्शनचा काटा शेवटपर्यंत ताणायचा. खरखर जाते खरी, पण बोलणारा माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटायला लागतो.

यात क्रम उलटा आहे. सॉफ्टवेअर शेवटी येतं. त्याआधी खोली, वीज, लॅपटॉपचा पंखा आणि विंडोजची सेटिंग अशी चार ठिकाणं तपासायची असतात, आणि बहुतेक वेळा ऑडॅसिटीपर्यंत जायच्या आधीच निम्मं काम झालेलं असतं. खालचे टप्पे विंडोज ११ धरून दिले आहेत. विंडोज १० मध्ये नावं थोडी इकडंतिकडं असतील, काम तेच.

तयारी

लॅपटॉप चार्ज करून ठेवा, कारण पुढच्या चाचण्यांत चार्जर काढावा लागणार आहे. ऑडॅसिटी फुकट आहे, ती आधीच टाकून ठेवा. कानात घालायला वायरचा इअरफोन हवा. लॅपटॉपच्या स्पीकरवर ५० हर्ट्झची गुणगुण ऐकूच येत नाही, आणि मग "माझ्याकडे तर क्लिअर येतंय" हा वाद सुरू होतो. मात्र इअरफोन ऐकतानाच लावा. माइकवाला इअरफोन रेकॉर्डिंगच्या वेळी लावलेला असला, तर लॅपटॉप स्वतःचा माइक सोडून त्याचा माइक धरतो आणि तुमची सगळी चाचणी वाया जाते.

लॅपटॉपचा माइक नेमका कुठं आहे तेही पाहून घ्या. बहुतेकांत कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना सुईच्या टोकाएवढी भोकं असतात, काहींत ती कीबोर्डच्या वर किंवा बिजागरीपाशी असतात. कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावायची सवय असेल, तर ती या भोकांवर तर आली नाही ना, ते बघा.

सावधान: भोकात धूळ दिसली म्हणून टाचणी घालू नका, तोंडानं किंवा ब्लोअरनं हवाही मारू नका. आतला पडदा फार नाजूक असतो. कोरडा मऊ ब्रश वरून फिरवला की पुरे.

टप्पा १: आवाज कुठून येतो ते पक्कं करा

हा टप्पा लोक गाळतात आणि मग चुकीच्या जागी तास घालवतात. ऑडॅसिटीत रेकॉर्डिंग सुरू करा आणि ते न थांबवता एकेक गोष्ट बंद करत जा. प्रत्येक वेळी मोठ्यानं बोला आणि नंतर दहा सेकंद गप्प राहा. असं:

"सगळं चालू." गप्प.
"कूलर बंद." गप्प.
"फॅन बंद." गप्प.
"चार्जर काढला." गप्प.
"ट्यूब बंद." गप्प.

बंद केलेली वस्तू परत चालू करायची नाही, पुढची बंद करत जायचं. शेवटी खोलीत फक्त बॅटरीवर चालणारा लॅपटॉप उरतो. आता इअरफोन लावून ऐका. कोणत्या वाक्यानंतर खरखर उतरली ते तुमच्याच आवाजात फाईलमध्ये नोंदलेलं असतं.

कानाला नीट कळत नसेल तर गप्प राहिलेला एक तुकडा निवडा, ऑडॅसिटीच्या अॅनलाइझ मेनूत जाऊन प्लॉट स्पेक्ट्रम (कोणत्या हर्ट्झला किती आवाज आहे याचा आलेख) उघडा आणि साइज ८१९२ किंवा जास्त ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असते, त्यामुळं विजेशी संबंधित गुणगुण ५०, १००, १५० अशा ठिकाणी टोकदार सुळक्यासारखी दिसते. कूलरच्या वाऱ्याचा किंवा वाढवलेल्या माइकचा सूंकार मात्र सुळका न दाखवता सगळीकडे पसरलेला दिसतो.

इथं एक गफलत हमखास होते. १०० हर्ट्झवर सुळका दिसला म्हणून दोष चार्जरचाच, असं नसतं. छताच्या फॅनची आणि कूलरची मोटरही त्याच ठिकाणी गुणगुणते, आणि तो खोलीतला खराखुरा आवाज असतो. म्हणून आलेख बघा, पण निकाल बटण बंद केल्यावरच लावा.

तपासणी: सगळं बंद, लॅपटॉप बॅटरीवर आणि तरीही खरखर तेवढीच? मग टप्पा २ आणि ३ सोडून सरळ ४ वर जा.

टप्पा २: खोली

आपल्याकडचा सगळ्यात मोठा गुन्हेगार कूलर. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना "कूलर बंद करा" म्हणणं सोपं असतं. बंद करून बसणाऱ्याला विचारा. "सर, कूलर बंद केला की दहा मिनिटांत लेकरं चुळबुळ करतात," असं एका क्लासवाल्यानं सांगितलं होतं, आणि त्याचं खोटं नव्हतं.

यातून दोन वाटा निघतात. एकट्यानं रेकॉर्ड करत असाल तर आधी अर्धा तास कूलर लावून खोली गार करा, मग कूलर-फॅन दोन्ही बंद करून आठ-दहा मिनिटांचे तुकडे करा. समोर मुलं बसलेली असतील आणि कूलर लागणारच असेल, तर तो दाराबाहेर किंवा शेजारच्या खोलीत ठेवा आणि मुख्य म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच स्पीडवर ठेवा. एकसारखा चालणारा आवाज नंतर काढता येतो. मध्येच वाढवलेला, कमी केलेला, बंद केलेला कूलर काढताना जीव जातो.

वारा थेट लॅपटॉपवर येऊ देऊ नका. माइकवर हवा आपटली की जी फडफड येते ती कोणत्याही फिल्टरनं धड जात नाही.

दुसरी अडचण घुमण्याची. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी आणि चारही भिंती मोकळ्या, अशा खोलीत आवाज घुमतो. पक्कं लक्षात ठेवा: नॉइज रिडक्शन घुमणं काढत नाही. ते कपड्यांनीच जातं. जमिनीवर सतरंजी टाका, तुमच्या पाठीमागं दोरीवर जाड वाकळ किंवा गोधडी सोडा आणि लॅपटॉपच्या मागच्या भिंतीलाही एखादी सोडली तर उत्तम. पडदा चालत नाही, तो फार पातळ असतो. गावाकडं जुन्या माळवदाच्या घराची खोली मोकळी असेल तर दुसरीकडं शोधूच नका. जाड मातीच्या भिंती बाहेरचा ट्रॅक्टरही अडवतात आणि घुमणंही कमी ठेवतात. पावसाळ्यात पत्र्याखाली रेकॉर्डिंगचा नाद मात्र सोडा. पत्र्यावरच्या सरीला इलाज नाही.

वेळ पहाटेची घ्या असं सगळे सांगतात. ते बरोबरच आहे, फक्त काकडा आणि दूधवाल्याची गाडी गेल्यानंतरची.

लॅपटॉप लोखंडी कॉटवर किंवा हलणाऱ्या टेबलावर नको. कॉट फॅनची थरथर उचलते आणि सरळ माइकला देते. खाली जाडजूड पुस्तक ठेवा.

सावधान: लॅपटॉप उशीवर, गादीवर किंवा टॉवेलवर ठेवू नका. खालची हवेची जाळी झाकली जाते, आतला पंखा भणभणायला लागतो आणि एक आवाज घालवून दुसरा पदरात पडतो.

टप्पा ३: चार्जर, अर्थिंग, इन्व्हर्टर

चार्जर काढला की गुणगुण गेली, तर तात्पुरता इलाज तुमच्या हातात आहेच: बॅटरीवर रेकॉर्ड करा. पाऊण तासाच्या तासिकेसाठी धड बॅटरी पुरते.

कायमचा इलाज हवा असेल तर बोर्ड बघा. चार्जरला तीन पिना आहेत, पण भिंतीतल्या तिसऱ्या भोकामागं वायरच जोडलेली नाही, हे जुन्या घरांत सर्रास सापडतं. चार्जिंग चालू असताना लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर हात फिरवला की झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंगची शंका घ्या. काही घरांत पावसाळ्यात सगळं ठीक असतं आणि एप्रिलपासून गुणगुण सुरू होते. काळी जमीन सुकली, भेगाळली की अर्थिंगचा विरोध वाढतो. म्हणून तर जाणते वायरमन उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी सोडायला सांगतात.

सावधान: अर्थिंग वायरमनकडूनच तपासून घ्या. गुणगुण घालवायला चार्जरची तिसरी पिन तोडणं किंवा दोन पिनांचा जोड लावणं हा इलाज नाही, तो जिवाशी खेळ आहे.

आता इन्व्हर्टर. लाईट गेल्यावरच घूंघूं सुरू होत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असण्याची शक्यता मोठी आहे. त्याची वीज सरळ लहरीची नसते, त्यामुळं फॅन जोरात गुणगुणतो आणि काही चार्जरही कुरकुरतात. लाईट गेली की आधी चार्जर काढा, मग फॅन बंद करा. साइन वेव्हच्या इन्व्हर्टरवर ही कटकट फारशी होत नाही.

फॅनचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरही बघण्यासारखा असतो. दोनवर फॅन घूं करतो आणि पाचवर करत नाही, असं दिसलं तर दोष त्याचाच. मोबाईल लॅपटॉपपासून हातभर लांब ठेवा, जमलं तर फ्लाइट मोडवर टाका.

टप्पा ४: लॅपटॉपचा स्वतःचा पंखा

खोली शांत, बॅटरीवर, तरी घरघर. कान लॅपटॉपच्या कडेला न्या. गरम हवा आणि आवाज एकाच जागेतून येत असेल तर शोध संपला.

क्रोमचे सगळे टॅब बंद करा, अँटिव्हायरसचं स्कॅन आणि विंडोजचा अपडेट चालू नाही ना बघा. मग सेटिंग्ज, सिस्टीम, पॉवर इथं जाऊन पॉवर मोड ‘बेस्ट पॉवर एफिशियन्सी’वर ठेवा. लॅपटॉपची मागची बाजू बोटभर उचला, म्हणजे खालून हवा खेळेल. पाच मिनिटं थांबा, पंखा आपोआप उतरतो. खूप जुन्या लॅपटॉपवर पॉवर मोड एवढा खाली नेला की रेकॉर्डिंगमध्ये टकटक येऊ शकते. तसं झालं तर मधला पर्याय ठेवा.

दोन-तीन वर्षांत आतून साफ केला नसेल तर एकदा दुकानात नेऊन साफ करून घ्या. आपल्याकडच्या धुळीत पंख्याच्या जाळीवर वाळलेला थर बसतो, मग साधी वर्ड फाईल उघडली तरी पंखा पळत सुटतो.

टप्पा ५: विंडोजची सेटिंग आणि तोंडाचं अंतर

माझ्याकडं येणाऱ्या सूंसूंच्या फायलींत सगळ्यात जास्त दोष इथला असतो. सेटिंग्ज, सिस्टीम, साउंड इथं जा. सगळ्यात खाली ‘मोअर साउंड सेटिंग्ज’ आहे, ते उघडून रेकॉर्डिंग टॅबवर माइकवर दोनदा क्लिक करा आणि लेव्हल्स बघा. तिथं दोन पट्ट्या असतील: एक माइकच्या आवाजाची, दुसरी मायक्रोफोन बूस्टची. आवाज १०० आणि बूस्ट +३० डेसिबल दिसला की समजायचं, कुणीतरी "आवाज बारीक येतोय" म्हणून सगळं वर ढकललेलं आहे. बूस्ट तुमचा आवाज वाढवतो तसा खोलीतला आणि माइकचा स्वतःचा सूंकारही तेवढाच वाढवतो. फायदा शून्य.

बूस्ट ० किंवा फार तर +१० करा. आवाज ७० ते ८० ठेवा. बूस्टची पट्टी काही लॅपटॉपमध्ये नसते, तिथं फक्त आवाज कमी करा.

आणि पुढं सरका. बहुतेक जण लॅपटॉपपासून दोन फुटांवर बसतात. तेच अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज साधारण ६ डेसिबलनं वाढतो आणि कूलर-फॅनचा आवाज होता तेवढाच राहतो. एक पैसा न घालवता मिळणारी यापेक्षा मोठी सुधारणा नाही. फूटभर अंतर धरा. फक्त तोंड भोकाच्या अगदी समोर नको, किंचित बाजूला ठेवा, नाहीतर ‘प’, ‘फ’, ‘भ’च्या वेळी हवेचा फटका बसतो.

आता पातळी. ऑडॅसिटीत मीटर चालू करून तुमच्या तासिकेतलं सगळ्यात जोरात बोललं जाणारं वाक्य म्हणा, म्हणजे "मागच्या बाकावरचे, इकडं लक्ष द्या"च्या पट्टीतलं. मीटर –१२ ते –६ च्या दरम्यान टेकला पाहिजे. ० ला लागला तर आवाज फाटणार, आणि फाटलेला आवाज कुठलंही सॉफ्टवेअर धड शिवत नाही.

तपासणी: गप्प राहून मीटर बघा. –५० किंवा त्याखाली असेल तर पुढं जा. –४० च्या वर रेंगाळत असेल तर ऑडॅसिटी बंद करा आणि टप्पा १ पासून परत या.

विंडोजच्या त्या माइकच्या खिडकीत अॅडव्हान्स्ड टॅबवर सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा असतो. तो ४८००० ठेवा आणि ऑडॅसिटीतही ४८००० च करा. दोन्हीकडं वेगळा असेल तर काही लॅपटॉपवर मध्येमध्ये टकटक येते. टकटक तरीही राहिली तर लॅपटॉपच्या कंपनीच्या वेबसाइटवरून साउंडचा ड्रायव्हर नव्यानं टाका.

राहिला प्रश्न विंडोजच्या आणि रियलटेकच्या (बऱ्याच लॅपटॉपमधल्या साउंड चिपची कंपनी) ‘नॉइज सप्रेशन’चा, म्हणजे मागचा आवाज आपोआप दाबणाऱ्या सोयीचा. रेकॉर्ड करून नंतर साफ करायचं असेल तर ऑडिओ एन्हान्समेंट्स ऑफ करा. थेट ऑनलाइन तासिका असेल तर मीट किंवा झूममधलं सप्रेशन चालू ठेवा, पण मग विंडोजचं बंद करा. दोन चाळण्या एकावर एक लागल्या की शब्दांची शेवटची अक्षरं गळतात आणि मुलं म्हणतात, "सर, तुमचं नेट जातंय."

भजनी मंडळांनी तर सगळीकडचं सप्रेशन बंदच करावं. ही यंत्रणा एकसारख्या आवाजाला कचरा समजते, आणि तंबोरा किंवा पेटीचा धरलेला सूर एकसारखाच असतो. अभंग सुरू झाला की पेटी गायब होते ती यामुळं. झूमवर ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ हा पर्याय त्यासाठीच दिलेला आहे.

टप्पा ६: ऑडॅसिटीत साफसफाई

इथवर आल्यावर उरलेली खरखर थोडी असते आणि थोडीच काढायची असते. क्रम मोडू नका.

१. रेकॉर्डिंग सुरू केल्यावर पाच सेकंद पूर्ण गप्प बसा. श्वास, खुर्ची, घोट, काही नको. हा तुकडा नंतर लागणार आहे. तो घ्यायचा राहिला तर वाक्यांच्या मधल्या जागा शोधत बसावं लागतं आणि त्यात श्वास हमखास सापडतो.

२. मूळ फाईल वेव्ह स्वरूपात वेगळी जपून ठेवा. एमपी३ करून मग साफ करणं ही नेहमीची चूक. एमपी३ होताना आवाजाचे बारकावे आधीच गेलेले असतात.

३. पूर्ण ट्रॅक निवडा, इफेक्ट मेनूतून हाय-पास फिल्टर लावा, तो दिलेल्या आकड्याखालचे खर्जातले आवाज कापतो. ८० हर्ट्झ, रोल-ऑफ २४. बाईचा किंवा मुलाचा आवाज असेल तर १०० चालेल. ५० हर्ट्झची गुणगुण आणि टेबलाची थरथर बरीचशी इथंच जाते. पेटी, पखवाज असेल तर मात्र हा फिल्टर लावू नका.

४. १०० किंवा १५० वर सुळका उरला असेल तरच नॉच फिल्टर (फक्त तेवढाच आकडा कापणारा) लावा, त्या त्या आकड्यावर.

५. आता ते गप्प पाच सेकंद निवडा, नॉइज रिडक्शन उघडा आणि ‘गेट नॉइज प्रोफाइल’ दाबा. प्रोफाइल हाय-पासच्या नंतरच घ्यायचं, कारण फिल्टरनं खरखरीचा पोत बदललेला असतो.

६. पूर्ण ट्रॅक निवडा, परत नॉइज रिडक्शन उघडा. रिडक्शन ६ ते १२, सेन्सिटिव्हिटी ६, स्मूदिंग ३ ते ६. ओके दाबायच्या आधी ‘रेसिड्यू’ निवडून प्रीव्ह्यू ऐका. यात काढून टाकला जाणारा आवाज ऐकू येतो. त्यात नुसतं सूं असेल तर ठीक. तुमचे शब्द ऐकू येत असतील तर आकडे कमी करा. मग ‘रिड्यूस’वर परत या आणि ओके करा. हे परत आणणं विसरलात तर ट्रॅकमध्ये फक्त कचरा उरतो!

७. सगळं झाल्यावर आवाज वाढवा, म्हणजे लाउडनेस नॉर्मलायझेशन. आधी वाढवून मग खरखर काढणं हा उलटा उद्योग.

तपासणी: ‘शेतसारा’, ‘चौसष्ट’, ‘संख्याशास्त्र’ असे शब्द जिथं आले असतील ती जागा इअरफोनवर ऐका. नॉइज रिडक्शन सगळ्यात आधी ‘स’, ‘श’, ‘ष’ खातं, कारण या अक्षरांचा आवाज आणि सूंकार जवळजवळ एकाच जातीचे. ‘श’ बोथट झाला असेल तर अनडू करा आणि १२ चे ८ करा. मागं थोडी खरखर राहिली तरी चालते, ऐकणारा अर्ध्या मिनिटात ती विसरतो. तुटका शब्द कुणी विसरत नाही.

कुत्रं, भोंगा, गिरणी, लेकराचं रडणं यांना नॉइज रिडक्शन लागू पडत नाही. तेवढं वाक्य परत म्हणा आणि जुनं कापा. रेकॉर्डिंग चालू असतानाच गाडी गेली तर थांबायचं, ती गेल्यावर एक टाळी वाजवायची आणि वाक्य पहिल्यापासून घ्यायचं. नंतर लहरीत टाळीचा उभा काटा लगेच दिसतो, कुठं कापायचं ते शोधावं लागत नाही.

टप्पा ७: तरीही जात नसेल तर

सगळं बंद, बॅटरीवर, बूस्ट शून्य, ड्रायव्हर नवा आणि तरी एकसारखी खरखर? मग आता माइकवाला वायरचा इअरफोन मुद्दाम लावा आणि तीच चाचणी करा. पिनेवर तीन काळ्या रेघा असलेलाच घ्या. दोन रेघांच्या पिनेला माइक नसतो. इअरफोनवर खरखर गेली तर दोष आतल्या माइकचा किंवा त्याच्या बारीक वायरचा. ही वायर बऱ्याचदा स्क्रीनच्या बिजागरीतून जाते आणि झाकण उघड-मिट करून घासली जाते. झाकण पुढं-मागं हलवताना खरखर बदलली तर तीच असं समजा.

दुरुस्तीला टाकताना टप्पा १ ची ती "कूलर बंद, फॅन बंद" वाली फाईल पेन ड्राइव्हवर सोबत न्या आणि दुकानात तिथंच इअरफोनवर ऐकवा. नुसतं "माइक खराब आहे" सांगितलं तर विंडोज मारून परत देतील, आणि खरखर जशीच्या तशी. विंडोज मारलंच तर डेटा उडतो, म्हणून रेकॉर्डिंगं आधी दुसरीकडं काढून ठेवा. माइकचं काम महिनाभर लांबणार असेल, तर तोवर मोबाईलला वायरचा कॉलर माइक लावून रेकॉर्ड करा आणि फाईल लॅपटॉपवर घ्या. टप्पा २ मधली वाकळ मात्र तिथंही लागेल.